पाणी बावन्न टक्के

"चारशे अकरा झाले ना? मग एकासाठी काय अडून बसलीस?" निनाद माझ्या कानाशी पुटपुटला. चेहऱ्यावर मात्र समोरच्या खुर्च्यांसाठी ठेवणीतलं हसू होतं.

"तो एक अजून जुन्या कोडमध्ये आहे."

"हेमांगी, मुहूर्त बारा सत्तावीसपर्यंतच आहे."

घड्याळात बारा एकवीस झाले होते.

चालू सर्व्हरचा कर्नल दुरुस्त करायला जगात आणखी कुठे मुहूर्त काढत असतील तर मला ठाऊक नाही, आम्ही मात्र काढला होता. सांगली जिल्ह्यातला एक सहकारी साखर कारखाना, त्याची कंट्रोल रूम, शुक्रवारची भर दुपार. सर्व्हरच्या कपाटाला झेंडूची माळ घातली होती. उदबत्तीचं घर नेमकं हवा आत ओढणाऱ्या जाळीसमोर ठेवलं होतं, त्यामुळे देवाच्या आधी धूर मशीनला पोचत होता. पांढरे टॉवेल टाकलेल्या खुर्च्यांवर संचालक मंडळ बसलं होतं आणि स्टुलावर नारळ होता. माझ्या पडद्यावर '४१२ पैकी ४१२' असं आलं की कार्यकारी संचालक खराडेसाहेब तो फोडणार, फोटोग्राफर फोटो काढणार आणि आमची कंपनी धन्य होणार, असा एकूण कार्यक्रम होता.

नारळाला माझा विरोध नव्हता. बारा वर्षं सॉफ्टवेअर लिहिलेल्या बाईचा देवावर विश्वास बसतोच.

झालं असं होतं, की त्या सर्व्हरच्या कर्नलमध्ये, म्हणजे मशीनचा सगळा कारभार हाकणाऱ्या गाभ्यात, एक खोट निघाली होती. मशीन सुरू करून ठरावीक दिवस झाले की आतला एक मोजणीचा आकडा भरून सांडायचा आणि मशीन जागच्या जागी गोठायचं. तो दिवस जानेवारीत येत होता. शहाण्या माणसानं दुरुस्ती केली असती, मशीन एकदा बंद करून चालू केलं असतं आणि घरी जाऊन जेवला असता. पण याच सर्व्हरवर कारखान्याचा बॉयलर चालायचा, आणि गळीत एकदा सुरू झालं की कारखाना पाच महिने थांबत नाही. जोडीला दुसरा सर्व्हर होता, अगदी कव्हर घालून जपून ठेवलेला. उघडला तर आत मेमरीच नव्हती. ती तीन वर्षांपूर्वी ऑफिसातल्या कॉम्प्युटरांना तात्पुरती लावली होती.

म्हणून आम्ही आलो होतो. चालत्या माणसाला न थांबवता त्याच्या पायातला जोडा बदलून देणारी कंपनी अशी आमची ख्याती होती, निदान आमच्या माहितीपत्रकात तरी. चालू कर्नलमधलं सदोष फंक्शन बाजूला सारून त्याच्या जागी नवं बसवायचं, तेही कुणाला कळू न देता. यात एकच गोम असते. मशीनमध्ये शेकडो कामं एका वेळी चालू असतात. त्यातलं एखादं नेमकं त्या जुन्या फंक्शनच्या आत असेल, तर ते बाहेर येईपर्यंत मुकाट्यानं वाट बघायची. कोण आत आहे हे कळतं स्टॅकवरून. स्टॅक म्हणजे प्रत्येक कामाच्या हातातली चिठ्ठ्यांची चवड: मी कुठून निघालो, इथलं आटपलं की परत कुठं जायचं. या सगळ्यांच्या चवडी तपासणारा प्रोग्राम मी एकटीनं लिहिला होता आणि त्याचा मला भयंकर अभिमान होता. आईला फोनवर दोनदा समजावून सांगितला होता. ती दोन्ही वेळा "जेवलीस का?" म्हणाली.

तर एकंदर कामं चारशे बारा. चारशे अकरा निमूटपणे नव्या फंक्शनवर गेली होती. चारशे बारावं जुन्याच्या आत झोपलं होतं.

"कधीपासून झोपलंय?" निनादनं विचारलं. निनाद माझा बॉस. आज तो एका बड्या कंपनीत 'विश्वासार्हता विभागा'चा प्रमुख आहे. हा विनोद माझा नाही, त्याच्या कार्डावर तसं छापलेलं आहे.

"त्रेपन्न दिवस. हंगाम सुरू झाला त्या दिवसापासून."

"त्रेपन्न दिवस! मग मेलंच असेल ते."

"मेलेलं नाही. वाट बघतंय."

"कशाची?"

मी त्याच्या चवडीतली नावं पुन्हा वाचली. बॉयलरची यंत्रं सर्व्हरला जोडून देणाऱ्या कुठल्याशा कंत्राटदारानं लिहिलेला भाग होता तो. नावांत नुसती व्यंजनं. लिहिणाऱ्याला स्वर विकत घ्यावे लागत असावेत. "कळत नाही," मी म्हटलं. "कंत्राटदाराला विचारावं लागेल."

"लाव फोन. जेवायच्या वेळी कंत्राटदार फोन उचलतो की नाही बघू."

लावला. नाही उचलला.

माझ्या पलीकडच्या टेबलाशी बॉयलर अटेंडंट बसले होते, आण्णाप्पा मगदूम. खाकी शर्ट, गुडघ्यावर टोपी, बॉयलरवर एकतीस वर्षं झालेली आणि निवृत्तीला दोन राहिलेली. त्यांच्या समोरच्या पडद्यावर बॉयलरमधलं पाणी किती टक्के आहे ते हिरव्या ठळक आकड्यांत दिसायचं. तरीही हे गृहस्थ दर पंधरा मिनिटांनी उठायचे, दार उघडून बॉयलरपाशी जायचे आणि काचनळीत पाणी कुठवर आहे ते डोळ्यांनी बघून यायचे. कंट्रोल रूममधली तरुण मंडळी त्यावरून एकमेकांना डोळे मारायची. सकाळपासून मीही दोनदा हसले होते.

"ताई," मगदूममामा म्हणाले, "बॉयलरच्या बाजूचं कोण झोपलं असंल तर आदी बघा बरं का. बॉयलरात उगंच कोण झोपत न्हाई."

"मामा, हे कॉम्प्युटरमधलं झोपणं आहे," मी म्हटलं. "तुमच्या पाळीतलं नव्हे."

खुर्च्यांमधले दोघंतिघं मोठ्यानं हसले. मामाही हसले. मला माझ्या हजरजबाबीपणाचं बरं वाटलं.

बारा चोवीसला निनाद पुन्हा वाकला. "तुझ्या प्रोग्राममध्ये सक्तीचा पर्याय आहे ना?"

होता. कुणाच्याही हातातल्या चिठ्ठ्या न बघता सगळेच्या सगळे नव्यावर गेले असं जाहीर करून टाकायचं, असा तो पर्याय. त्याच्या सूचनांमध्ये 'हा पर्याय वापरू नये' असं मीच लिहिलं होतं, ठळक अक्षरांत. म्हणजे असं बघा, माणूस माडीवर झोपलेला असताना खालचा जिना काढून दुसरीकडे बसवायचा. तो झोपलेला आहे तोवर काही बिघडत नाही. उठून सवयीनं जुन्या जागी पाय टाकेल तेव्हा काय ते होतं.

"निनाद, तो जर उठला—"

"त्रेपन्न दिवसांत उठला नाही, तो आता तुझ्यासाठी उठणारे का? लोक थांबलेत, हेमांगी. खराडेसाहेबांना मधुमेह आहे, त्यांची जेवायची वेळ टळतेय."

'हे लेखी दे,' असं मी म्हणायला हवं होतं. प्रत्यक्षात म्हटलं, "बघ हं."

"बघतो."

बारा सव्वीसला मी बटण दाबलं. पडद्यावर '४१२ पैकी ४१२' आलं. नारळ पहिल्याच फटक्यात सरळ दोन भकलं होऊन फुटला आणि खोबरं स्वच्छ पांढरं निघालं. शुभशकुन आहे, यावर संचालक मंडळाचं एकमत झालं. त्या मंडळाचं एकमत झालेलं मी पहिल्यांदाच बघितलं.

रविवारी सकाळी अकराच्या सुमारास बॉयलरला पाणी देणारा पंप बंद पडला. मी तेव्हा पुण्यात घरी मटार सोलत होते. हे सगळं मला नंतर तुकड्यातुकड्यानं कळलं. बॉयलरमधलं पाणी संपत आलं आणि खालचा जाळ तसाच राहिला, तर आतल्या नळ्या तापून फाटतात आणि मग आसपासची माणसं मोजायला घ्यावी लागतात. म्हणून पाणी विसाच्या खाली गेलं की भोंगा वाजायला हवा. पूर्वी त्यासाठी बॉयलरवरच एक वाफेची शिट्टी होती. आधुनिकीकरणात ती काढली, कारण आता सगळं सर्व्हर बघणार होता.

भोंगा वाजला नाही. पडद्यावर हिरव्या अक्षरांत ५२ दिसत होतं. मामांना पंपाचा आवाज थांबल्यासारखा वाटला, म्हणून ते उठून बाहेर गेले आणि काचनळीत बघितलं, तर पाणी तळाला चाललेलं. जोडीदार बगॅसचा, म्हणजे जळणाच्या उसाच्या चोथ्याचा, पट्टा तुंबला म्हणून वर गेला होता, विचारायला कुणी नव्हतं. मामांनी बगॅस तोडलं, पंखे बंद केले आणि बॉयलर पाडला, म्हणजे पार बंदच करून टाकला. बॉयलर पडला तशी वाफ गेली, वाफेवरची वीज गेली आणि भर हंगामात अख्खा कारखाना अंधारात थांबला. लोक पळत येईपर्यंत जनरेटरवर जोडीचा पंप सुरू झाला होता, काचनळीत पाणी पुन्हा वर आलं होतं. कारखाना चौदा तास उभा राहिला.

आता चौदा तास म्हटल्यावर कुणाची तरी मान लागणारच. आणि पुरावा तर काय, ताटात वाढून ठेवल्यासारखा. पडद्यावरचा शेवटचा आकडा ५२. नोंदीत अलार्म नाही. काचनळीत पाणी व्यवस्थित. मग पाणी असताना बॉयलर पाडला कशाला? तर म्हातारा पाळीवर झोपला, दचकून उठला आणि घाबरून हात मारला. आमच्या कंपनीनंही तत्परतेनं एक पत्र पाठवलं: बॉयलर पडल्यामुळे वीज गेली, वीज गेल्यामुळे सर्व्हर बंद पडला, त्याआधी पाण्याची नोंद बावन्न टक्के होती. खाली निनादची झोकदार सही.

सोमवारी मामांना घरी बसवलं. पुढच्या मंगळवारी चौकशी ठेवली. आरोप सिद्ध झाला तर बडतर्फ. एकतीस वर्षांत एकदाही चुकून बॉयलर न पाडलेला माणूस 'डुलकीवाला' म्हणून घरी जाणार होता. मला कारखान्यातल्या एकानं फोनवर हेही सांगितलं, की मगदूम पाळीवर झोपतात याला बाहेरचीही साक्ष आहे. शुक्रवारी सगळ्यांसमोर पुण्याच्या मॅडमच तसं बोलल्या होत्या म्हणे.

मामांना घरी बसवल्याच्या दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी, सर्व्हरची डिस्क माझ्या टेबलावर आली. कर्नल मरतो तेव्हा मरता मरता आपल्या मेमरीची एक प्रत डिस्कवर टाकतो. ती वाचता येणारी आमच्या कंपनीत मी एकटीच होते. निनादला त्यातून फार काही नको होतं, 'वीज गेल्याने' एवढे दोन शब्द पुरेसे होते.

पण वीज जाऊन मशीन मेलं असतं, तर प्रत टाकायला ते जिवंत कुठून राहिलं असतं? प्रत तर होती, चांगली पूर्ण होती. म्हणजे मशीन आधी मेलं होतं. वीज नंतर गेली.

मी चिठ्ठ्यांची चवड खालून वर वाचत गेले. ते चारशे बारावंच होतं. त्या दळभद्री व्यंजनांचा अर्थ आता लागला: पाण्याची पातळी विसाच्या खाली गेली की भोंगा वाजवायचा. हंगामात पाणी एकदाही एवढं खाली गेलं नव्हतं, म्हणून ते त्रेपन्न दिवस इमानदारीत वाट बघत पडून होतं. रविवारी अकरा वाजून सात मिनिटांनी त्याला जाग आली. त्यानं सवयीनं पाय टाकला. जिना मी काढून ठेवला होता. भोंगा राहिला बाजूला, ते सगळं मशीन घेऊन कोसळलं. पडद्यावरचा आकडा दर दोन मिनिटांनी बदलायचा, कारण कंत्राटदाराच्या मते पाण्याला कसली घाई. त्यामुळे शेवटचं बावन्न मेलेल्या मशीनच्या तोंडावर तसंच राहिलं. चवडीच्या सगळ्यात वरच्या चिठ्ठीवर मात्र खरी पातळी लिहिलेली होती. एकोणीस.

मी उठून पाणी प्यायले, परत येऊन पुन्हा वाचलं. एकोणीसच होतं.

मी निनादला बोलावून दाखवलं. त्यानं खुर्ची ओढून दोनदा नीट वाचलं. तो मूर्ख नव्हता, हीच तर पंचाईत होती.

"आणखी कुणी बघितलंय हे?"

"नाही."

"बरं." तो खुर्चीत मागे रेलला. "अकरा कारखान्यांचं काम येऊ घातलंय. चाळीस माणसं घ्यायचीयत आपल्याला. ठाऊक आहे ना?"

"तिकडे एका माणसाची अब्रू चाललीय, निनाद. त्यानं बॉयलर वाचवला आणि आपण त्याला झोपाळू ठरवतोय."

"अगं, सहकारातली चौकशी आहे ती. चहा पितील, समज देतील आणि सोडून देतील. आणि मी तुला खोटं बोल म्हणतोय का? छे! अजिबात बोलायचं नाही खोटं. तू चौकशीत सगळं खरं खरं सांग. फक्त तुझ्या भाषेत सांग."

माझ्या लक्षात आलं आणि, काय सांगू, मला ते आवडलं. खरं बोलल्याचं पुण्यही पदरात पडेल आणि कुणाला काही कळणारही नाही. या युक्तीची लाज वाटायला मला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत मी चौतीस स्लाइड केल्या. बाणांना दोन रंग दिले. मगदूममामांचा नंबर मिळवणं अवघड नव्हतं, तोही मी मिळवला आणि मोबाइलमध्ये व्यवस्थित साठवून ठेवला. लावला मात्र नाही.

चौकशी कारखान्याच्या सभागृहात सकाळी अकराला सुरू झाली. मध्ये खराडेसाहेब, दोन्ही बाजूंना दोन संचालक, समोर आम्ही. आम्हाला खुर्च्या, पाण्याच्या बाटल्या आणि काजूची बिस्किटं होती. मामा दाराशी उभे होते. त्यांना कुणी बसा म्हटलं नव्हतं. आठ दिवसांत माणूस खंगला होता, शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल झाली होती.

मी बोलायला सुरुवात केली. "टास्क ट्रान्झिशन इनकम्प्लीट असताना फोर्स फ्लॅग सेट झाल्यामुळे एका कर्नल थ्रेडच्या स्टॅक फ्रेममध्ये जुना रिटर्न ॲड्रेस राहिला. वेक-अपनंतर त्या थ्रेडनं पॅच झालेल्या फंक्शनला जुन्या लेआउटचा पॉइंटर पाठवला..." वीस मिनिटं बोलले. एक शब्द खोटा नव्हता. खराडेसाहेब अधूनमधून गंभीरपणे मान हलवत होते. डावीकडचे संचालक लिहून घेत होते. काय लिहीत होते देव जाणे. एकोणीसचा आकडा अठ्ठाविसाव्या स्लाइडवर होता, सोळाच्या पटीत मोजायच्या पद्धतीनं लिहिलेला, म्हणजे दिसायला तेरा. तिथे मी क्षणभर थांबलेसुद्धा. कुणाची पापणी लवली नाही.

"वा, फार अभ्यासपूर्ण," खराडेसाहेब म्हणाले. "आता थोडक्यात सारांश?"

"सारांश असा," निनाद लगेच पुढे झाला, "की नोंदींमध्ये अलार्म आढळत नाही."

"झालं तर मग." खराडेसाहेबांनी पेनाचं टोपण काढलं. "मगदूम, तुम्हाला काय म्हणायचंय का?"

मामांनी टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "साहेब, मला ताईंना एक इचारायचं हाय."

"विचारा."

"ताई, तुम्ही लई येळ बोललासा, पर मला त्यातलं कायबी कळलं न्हाई. अडाणी माणूस हाय मी. मला एवढंच सांगा. पाणी खाली गेलतं का न्हाई?"

निनाद खाकरला. "त्याचं असं आहे मामा, हे असं सरळ हो-नाहीत सांगता येण्यासारखं—"

"गेलं होतं," मी म्हटलं.

निनादनं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. चांगला जोरात दिला.

"एकोणीस टक्क्यांवर गेलं होतं," मी म्हटलं. "भोंगा वाजवणारं जे काम होतं, ते मी शुक्रवारी खिळखिळं करून ठेवलं. मुहूर्त टळत होता म्हणून. रविवारी ते उठलं आणि सर्व्हर घेऊन मेलं. पडद्यावरचं बावन्न हे मेलेल्या मशीनचं बावन्न होतं. मामांनी बॉयलर पाडला नसता, तर आज या हॉलमध्ये चौकशी भरली नसती, शोकसभा भरली असती."

याला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. चौतीस स्लाइड फुकट गेल्या.

खराडेसाहेबांनी पेन खाली ठेवलं. "मुहूर्तामुळं झालं म्हणता?"

"नाही साहेब. बटण मी दाबलं. दाबू नये असं मीच लिहून ठेवलं होतं आणि मीच दाबलं."

"आणि हे?" त्यांनी निनादकडे बघितलं.

निनाद खिडकीतून बाहेर धुराड्याकडे बघत होता. महिन्याभरानं त्यानं मला बोलावून, माझ्या करिअरच्या दृष्टीनं मी आता मोकळं होणंच कसं चांगलं, ते फार आपुलकीनं समजावून सांगितलं. पण तो भाग निराळा.

मला वाटलं, आता मामा हसतील. मी आपली तयारीतच होते. दोन शब्द बरे बोलतील, मी 'अहो, त्यात काय' म्हणेन, असं काहीतरी डोक्यात चाललं होतं. किती निर्लज्ज असावं माणसानं.

खराडेसाहेबांनी फाइल उघडून एक कागद काढला. "मग मॅडम, याचं काय करायचं? हे यांनी आज सकाळी स्वतःच्या हातानं लिहून दिलंय." ते वाचू लागले. "'रविवारी पाळीवर असताना मला डुलकी लागली. काचनळीत पाणी कमी असल्याचे मला वाटले, परंतु ते कमी नव्हते. चूक माझी आहे.' खाली सही. काय हो मगदूम, कुणी जबरदस्ती केली का तुमच्यावर?"

"न्हाई साहेब. मनानंच लिवलं."

"अहो मामा!" मी जवळजवळ ओरडलेच. "का लिहून दिलंत? तुम्ही तर स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतंत!"

"बघितलं होतं की," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, तो असता तर मला सोपं गेलं असतं. "पर मग वाटाय लागलं, लागली बी असंल डुलकी. पडद्यावर बावन्न. रजिस्टरात बावन्न. पुण्याच्या कंपनीनं बी बावन्न लिवून दिलं. घरात थोरला म्हणाला, आप्पा, एवढी शिकल्याली माणसं सगळी एका टायमाला कशी चुकतील? ते बी बरोबरच हाय की. मग चुकलं कोण, तर मीच."

डावीकडच्या संचालकांनी लिहिणं थांबवलं.

"तुमास्नी ह्ये कवा समजलं, ताई?"

खोटं बोलायची ती माझी शेवटची संधी होती. कालच समजलं, म्हटलं असतं तर खपलं असतं. निनाद तर माझ्याकडे आशेनं बघत होता.

"मागच्या मंगळवारी," मी म्हटलं.

"मागल्या मंगळवारी." त्यांनी मान हलवली. मग टोपी डोक्यावर घातली, काढली, पुन्हा हातात धरली.

"बुधवारी मी मिरजेला गेलतो," ते म्हणाले, "डोळ्याच्या डाक्टराकडं. त्यांनी दोनदा तपासलं. म्हणालं, आजोबा, डोळं एकदम चांगलं हायत, काय बी झाल्यालं न्हाई. मी त्यास्नी म्हटलं, न्हाई डाक्टर, पुन्यांदा बघा. ह्या डोळ्यांनी मला नसल्यालं दिसतंय."